तळ्याला ओहोटी नसते

दर्याला दिलेला नारळ दर्या घेऊन जातो, कारण त्याला ओहोटी असते. तळ्याला ओहोटी नसते. हर्णैच्या बंदरावर लहानाचा मोठा झालेल्या, वर इंजिनिअर झालेल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं. पण माझ्या नवऱ्यानं, श्रीपादनं, पहिल्या वर्षी बव्हेरियातल्या त्या तळ्यात नारळ सोडला, डोळे मिटून हात जोडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ कॅम्पच्या मालकीणबाईंच्या पोहायच्या शिडीला येऊन लागला. सोनेरी कागदासकट.

आम्ही राहायचो इंगोलश्टाटला. श्रीपाद गाड्यांचे ब्रेक करायचा आणि शनिवार-रविवार मासे धरायचा. त्यासाठी तळ्याकाठी कॅम्पिंगवर एक जुना कॅराव्हान, म्हणजे चाकांवरची खोली, कायमचा लावून ठेवला होता. तिथे फेब्रुवारीपासून एप्रिल संपेपर्यंत मासेमारी बंद. हेश्ट म्हणजे मगरीच्या तोंडाचा तो लांबडा मासा, आणि त्सांडर म्हणजे, श्रीपादच्या भाषेत, ‘थंडीनं बारीक झालेला आपला जिताडा’. दोघांचीही तेव्हा अंडी घालायची वेळ. "आपल्याकडे पावसाळ्यात बंदी, इथे वसंतात. बाळंतपणं सगळीकडे सारखीच," तो म्हणायचा. मग आपल्याकडे जसा नारळी पौर्णिमेला दर्याला सोन्याचा नारळ देऊन होड्या बाहेर काढतात, तसा तो मेच्या एक तारखेला पहाटे तळ्याला नारळ द्यायचा. सोन्याचा कागद तनयाच्या ईस्टरच्या चॉकलेटी सशाचा. सशाला आधी आमची लेक सोलायची, मग बाप.

"हेर पावसे, तळ्यात कचरा टाकायचा नसतो," मालकीणबाई, फ्राऊ क्राइटमायर, तो ओला नारळ आमच्या दारात ठेवत म्हणाल्या. हेर म्हणजे श्रीयुत; कचरा टाकणाऱ्यालाही.

दुसऱ्या वर्षापासून श्रीपाद नारळाला गळाची पिवळी दोरी बांधायला लागला. नारळ सोडायचा, हात जोडायचा, आणि रीळ फिरवून नारळ परत ओढायचा. मग आम्ही त्याच्या वड्या करायचो.

"देवाला दाखवायचं आणि हिसकावून घ्यायचं. असला कसला रे तुझा नैवेद्य?" मी म्हणायचे.

"जर्मन कायद्यात बसणारा," तो म्हणायचा.

सासूबाईंसमोर मी त्याला ‘अहो’ म्हणायचे, तळ्यासमोर ‘अरे’. तनया बालवाडीत असताना तिनं बाबाचं नाव ‘अहो’ असंच सांगितलं होतं. वर्षभर तिथल्या बाई त्याला ‘हेर अहो’ म्हणत होत्या आणि हा मान डोलावत होता.

तीन वर्षांपूर्वी मेच्या एक तारखेला पहाटे तो होडी घेऊन गेला. दुपारी होडी पलीकडच्या काठाच्या उंच पाणगवतात अडकलेली सापडली. गळाची काठी आत, थर्मासमधला चहा अजून गरम. तो नव्हता. पाणबुडे आठ दिवस उतरत होते. तळं तिथे साठ मीटर खोल आहे. इतक्या थंड पाण्यात माणूस वर येत नाही, असं एका तरुण पोलिसानं मला अगदी सावकाश जर्मनमध्ये सांगितलं, मला नीट कळावं म्हणून. कळलं.

तेव्हापासून वर्षातून एक-दोनदा मी कॅराव्हान झाडायला जाते. कॅम्पवाले संध्याकाळी मासे धुरी देऊन भाजतात, एकमेकांच्या दारी ताटं फिरतात. माझ्या दारी बटाट्याचं सॅलड येतं, केक येतो. मासा कुणी आणत नाही. त्या पाण्यातले मासे काय खातात, हा विचार मी एकटीच करत असते असं नाही, हे त्या केकवरून मला समजलं.

पण माझ्या मानेवर बसलेली गोष्ट वेगळीच होती, आणि ती कुणालाच माहीत नव्हती. त्या वर्षीचा नारळ मी खवला होता.

तीस एप्रिलला कॅम्पवर मे महिन्याच्या स्वागताचं जेवण होतं. मी फ्रोझन बांगड्यांचं कालवण करायला घेतलं. नारळाच्या दुधाचे डबे घरी राहिले होते. कोपऱ्यात पिशवीत नारळ होता. मी फोडला.

"अगं, उद्याचा होता तो!" श्रीपाद म्हणाला.

"परत ओढूनच घेणार होतास ना? कालवणात निदान सत्कारणी लागेल. देवाला म्हणावं, पुढच्या वर्षी."

तो दुकानं बंद व्हायच्या आत ब्रेड आणतो म्हणून गाडी घेऊन गेला आणि ब्रेड न आणताच परत आला. त्यावरूनही मी त्याला बोलले. आमचं शेवटचं नीट बोलणं हे असं ब्रेडवरचं.

पाचव्या दिवशी हर्णैहून सासूबाईंचा फोन आला. रडणं संपलेल्या आवाजात त्यांनी एकच विचारलं, "नीलिमा, नारळ दिला होता ना गं त्यानं?"

"हो आई," मी म्हटलं. "दिला होता."

"मग ठीक आहे. मग त्याची मर्जी," त्या म्हणाल्या. त्या दर्यावाल्या बाईला एवढं पुरलं. मला पुरलं नाही. मी शिकलेली, वाचलेली बाई आहे. नारळानं माणूस बुडत नाही आणि तरतही नाही, हे मी कुणालाही पटवून देईन. स्वतःला सोडून.

या हिवाळ्यात कोर्टाचं पत्र आलं. त्यात श्रीपादच्या मृत्यूची तारीख आणि वेळ ठरवून दिली होती. त्याच आठवड्यात तनयाचा कार्ल्सरूहेहून फोन. ती तिथे शिकते. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि भांडण दोन्ही भाषांत सारखंच रंगतं.

"मी मासेमारीची परीक्षा पास झाले," ती म्हणाली. "एक मेला बाबाची होडी मी काढणार आहे."

"नाही."

"मी विचारत नाहीये, ममा. सांगतेय."

"पोहता मला येत नाही, तुला येतं, हे ठाऊक आहे मला. तरीही नाही."

"गेनाऊ, बरोबर. म्हणून तू काठावर बस."

बापाचीच जीभ. मी बसले तर बसले, पण तळ्याचं देणं फेडल्याशिवाय पोरीला पाण्यावर जाऊ देणार नव्हते. एशियन दुकानातून तीन नारळ घेतले. चांगले शेंडीवाले, वाजवून, पाणी ऐकून.

तीस एप्रिलला आम्ही पोहोचलो. कॅराव्हानचं दार उघडलं की अजूनही आधी त्याच्या रबरी बुटांचा वास येतो. तनयानं गळाच्या काठ्या बाहेर काढून रांगेत लावल्या. काठीच्या टोकाला एक छोटी घंटा असते, मासा ओढायला लागला की वाजते. संध्याकाळी मी धक्क्यावर एकटीच गेले. वारा नव्हता, पाणी ताणून बसवलेल्या कापडासारखं होतं. मागे कॅराव्हानपाशी ती घंटा एकदा वाजली. वळून पाहिलं तर तनया लांब नळावर भांडी घासत होती.

नारळाला मी दोरी बांधली नाही. शेंडीला हळद-कुंकू लावलं, सोनेरी कागद लावला आणि जमेल तितका लांब फेकला. "पोरीला परत पाठव," मी म्हटलं. तळ्याशी मराठीतच बोलले. त्याला सवय होती.

सकाळी पाच वाजता तनयानं मला हलवलं. लाइफ जॅकेट घातलेली, केस बांधलेले.

"ममा, तुझा नारळ परत आलाय."

घेतला नाही. तळ्यानं माझा नारळ घेतला नाही. मी तशीच शाल ओढून धक्क्यावर धावले. धुकं इतकं खाली होतं की होडी अर्धीच दिसत होती. धक्क्याच्या खांबाला टेकून नारळ हलत होता, कुणी दारावर हळू टकटक करावी तसा.

"तू जाऊ नकोस," मी म्हटलं. "तनया, ऐक माझं. आज नको."

"एका नारळामुळे?"

"हो. एका नारळामुळे."

तिनं पालथं पडून जाळीनं तो वर काढला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. मी पाहिलं. परत पाहिलं.

तो माझा नारळ नव्हता.

त्याला शेंडी नव्हती. काळा पडलेला, शेवाळानं बुळबुळीत झालेला, आणि मधोमध गोल खाच. इथल्या सुपरमार्केटात मिळतो तसा, जर्मन लोकांना फोडायला सोपं जावं म्हणून करवतीनं कापून ठेवलेला. असला नारळ मी आयुष्यात कधी विकत घेतलेला नाही. देवाला भेगाळलेला नारळ कोण देतं? ज्याला बंद व्हायला आलेल्या दुकानात दुसरा मिळाला नाही, तो देतो. खाचेत नखाएवढा सोनेरी कागद अडकला होता. आणि भोवती पिवळी दोरी, चौकडी घालून बांधलेली. गाठ उलटी होती. श्रीपाद डावखुरा होता. त्याच्या सगळ्या गाठी मला उलट्या सोडवाव्या लागायच्या, बुटांच्या, पिशव्यांच्या, पोरीच्या वेणीच्या.

दोरीचं टोक वीतभर लोंबत होतं. तुटलेलं नव्हतं, सुरीनं साफ कापलेलं होतं.

"हिवाळ्यात पलीकडचं पाणगवत कापलं ना त्यांनी," तनया हळूच म्हणाली. "तिथे अडकला असेल." मग तिलाच ते पटेना. ती माझ्या शेजारी फळ्यांवर बसली. "ममा, हा बाबाचा आहे?"

मग मी तिला सांगितलं. बांगड्यांचं कालवण, खवलेला नारळ, ‘पुढच्या वर्षी’ म्हटलेलं, ब्रेड, आजीला सांगितलेलं खोटं. सांगताना माझी नजर त्या कापलेल्या टोकावर होती. इतकी वर्षं मी त्याला टोचत होते, दाखवतोस आणि ओढून घेतोस म्हणून. त्या एकाच वर्षी त्यानं ओढून घेतला नव्हता. माझ्याशी न भांडता, मला न सांगता, गुपचूप नवा आणला आणि दोरी कापून देऊन टाकला.

"म्हणजे तुझ्यामुळे नाही," तनया म्हणाली. या वेळी मराठीत. तिचं मराठी अजून बालवाडीतलंच आहे, त्यामुळे ते फारच खरं वाटलं.

"नाही."

"मग कशामुळे?"

तीन वर्षं माझ्याकडे निदान एक कारण होतं. वाईट होतं, पण माझं होतं, रोज रात्री उशाशी घेऊन झोपत होते. आता त्या जागी नुसतं पाणी होतं. नारळ दिला होता, हात जोडले असणार, चहा गरम होता, आणि तरीही. मी खूप रडले. हलकं वाटून नव्हे. कुणी पाठीवरचं ओझं न विचारता उतरवलं की तोल जातो, तसं झालं.

हर्णैला तेव्हा सकाळचे नऊ वाजत आले होते. मी सासूबाईंना फोन लावला.

"आई, नारळ दिला होता ह्यांनी."

पलीकडे कावळे ओरडत होते. "ते तू तेव्हाच सांगितलंस की. आज काय नवीन?"

"काही नाही. पुन्हा सांगावंसं वाटलं."

त्या म्हणाल्या, "तेव्हा तुझा आवाज असा नव्हता." मग, "पोरगी होडी काढतेय ना आज? कधी?"

"आत्ता. आई, तो नारळ परत आलाय. धक्क्याला. काय करू?"

"दिलेलं घरात घ्यायचं नसतं. जिथून आला तिथे सोडून ये. आणि तू काठावर काय करतेस? पोरीबरोबर बस."

"मला पोहता येत नाही."

"मला तरी कुठे येतं? चाळीस वर्षं बसले होडीत."

तनयानं त्याचं जुनं लाइफ जॅकेट माझ्या अंगावर चढवलं. तो ते कधी घालायचा नाही, म्हणून ते अजून नव्यासारखं होतं. मी होडीत पहिल्यांदाच बसले, लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर. मांडीवर तो काळा नारळ, ओला, जड, अंघोळ घातलेल्या मुलासारखा गार.

तनया वल्हवत होती. धुक्यात काठ कधी गेला कळलंच नाही. पाणगवत कापलेल्या जागी खुंट दिसायला लागले तशी ती थांबली. मी नारळ दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवला. फेकला नाही. ती उलटी गाठ सोडवली नाही. तो एकदा खाली गेला, वर आला, आणि स्थिर झाला.

माझा कालचा नारळ कुठेच दिसत नव्हता. तो घेतला होता म्हणजे.

"चल," मी म्हटलं. "तुझा हेश्ट कुठे असतो तिकडे चल."

तनयानं होडी वळवली. दहा-बारा वल्ह्यांनंतर तिचे हात थांबले. तिचं तोंड माझ्याकडे, म्हणजे मागच्या पाण्याकडे होतं.

"ममा. मागे बघ."

नारळ आमच्या मागून येत होता. होडीनं ओढलेल्या पाण्यात हातभर अंतर ठेवून, दोरीचं वीतभर टोक पुढे करून. वारा नव्हता. होडी थांबली तसा तोही थांबला. तनयाचा चेहरा पांढरा पडला होता. माझाही पडला असणार. पण पोरीनं वल्ही आत ओढून घेतलेली पाहिली आणि मला आपोआप त्या बालवाडीतल्या बाई आठवल्या.

"वल्हव," मी म्हटलं. "पण जरा हळू. अहो येतायत."