सख्खी आत्या

नगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून ज्योती एसटीनं काष्टीला परत निघाली होती. शेजारी तिची बारा वर्षांची लेक सृष्टी खिडकीला नाक लावून बसली होती. ज्योतीचं डोकं असं तापलं होतं की, कंडक्टरनं तिकीट दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा ती त्याच्याच अंगावर धावून गेली.

दिवस कलला की सृष्टीला दिसायचं नाही. उंबऱ्याला अडखळायची, वाढलेल्या ताटाला पाय लावायची आणि घरभर बोलणी खायची. त्यात अंगानं जाड, म्हणजे आळशी असणारच, हेही सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. तीन वर्षं ज्योतीनं तिला गाजरं चारली. दोनदा तर धांदरट म्हणून मारलंही. ते आठवून आज तिला स्वतःच्या हाताची चीड येत होती.

आज डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांआधी सृष्टीचे हात पाहिले. दोन्ही हातांना सहा-सहा बोटं.

"लहानपणी काढून नाही टाकली?"

"आत्या काढू देईनात. सहावं बोट लक्ष्मीचं म्हनत्यात."

"तुमचं लग्न नात्यातलं आहे?"

"न्हाई."

आधी दाखवलेल्या श्रीगोंद्याच्या डॉक्टरांनाही ज्योतीनं हेच सांगितलं होतं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. तिच्या लेखी नात्यातलं म्हणजे लांबच्या पाहुण्यांतलं, तिचं तर घरातल्या घरातच झालेलं.

बाई लिहिता लिहिता थांबल्या. "आत्या म्हणजे सासूच ना? आमच्याकडंही सुना सासूला आत्या म्हणतात."

"सासू हायेतच. पन आत्या बी हायेत. वडलांची सख्खी बहीन."

बाईंनी पेन खाली ठेवलं. श्रीगोंद्यालाही ज्योती 'आत्या' 'आत्या' करत होती, पण तिथं कुणी खोदून विचारलं नव्हतं. सासूला सगळ्याच सुना आत्या म्हणतात, त्यात विचारायचं काय?

मग बाईंनी सावकाश सांगितलं. आजार जन्माचा, क्वचित होणारा. एकाच घराण्यातला दोष आईकडूनही आला आणि बापाकडूनही, म्हणून पोरीत उतरला. डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतोय, आधी अंधारातली नजर जाते, मग उजेडातलीही. मूत्रपिंडं तपासायला हवीत. आणि घरात पुन्हा अशी सोयरीक ठरत असेल, तर आधी दोघांचं रक्त तपासून घ्या.

ठरत कसली होती? त्याच संध्याकाळी सुपारी फुटायची होती. ज्योतीची धाकटी बहीण आरती आणि ज्योतीचा धाकटा दीर करण.

ज्योती सृष्टीला घेऊन तडक माहेरी गेली. दिवस कललेला, लाइट गेलेली, ओसरीवर चार पाहुणे बसलेले. तिनं वडलांना, छगनला, बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"तुज्या वाट्याला आलं म्हनून आरतीच्या बी येतंय व्हय?" छगन म्हणाला. "मानसं बसल्यात. जीभ आवर."

सासू साळूबाईच्या कानावर तेवढं गेलंच. "भावाची लेक म्हनून पदरात घेतली, लई चांगलं पांग फेडलंस," ती म्हणाली. मग पाहुण्यांकडं बघून हसली. "सृष्टे, हिकडं ये. लक्ष्मीचा हात लागू दे. ती सुपारी उचलून आजोबाला दे."

तबक सतरंजीच्या मधोमध होतं. बाकीच्यांना अजून सगळं दिसत होतं. सृष्टी वाकली, चाचपडली. तिचा सहा बोटांचा हात तबकाला वळसा घालून एका पाहुण्याच्या गुडघ्यावर पडला. पाहुणा पाय ओढून सरकला.

"आये, कुठंय सुपारी?"

ज्योतीनं लेकीला उठवून जवळ घेतलं आणि सुपारी स्वतः उचलली.

"ज्योते, ठेव ती खाली," साळूबाई म्हणाली.

"न्हाई ठेवत, सासूबाई."

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. हा शब्द ती पहिल्यांदाच बोलली. साळूबाईचा चेहरा पडला.

"सासूबाई कुनाला म्हनतीस गं? सख्खी आत्या हाय मी तुजी."

"तेच आज डॉक्टरला सांगून आले," ज्योती म्हणाली. "बारा वर्सं उशिरा सांगितलं."

दाराआड उभं राहून सगळं ऐकणारी आरती बाहेर आली. तिनं बहिणीच्या मुठीतून सुपारी काढून घेतली आणि नव्या साडीच्या पदराला गाठ मारून बांधली.

"रक्त तपासायला दोघांना बी उपाशी जावं लागतं का गं?" तिनं ज्योतीला विचारलं.