ताईचा घसरणारा सूर

घरातच रेकॉर्ड केलेला माझा चक्रम पॉप अल्बम गाजला तो ताईच्या बेसूर गळ्यामुळे. तिच्या शिलाई मशीनची खडखड, खेळण्यातला पियानो आणि मध्येच घसरणारा तिचा सूर, लोक खुळे झाले. तिला वाटलं, आपला आवाज आवडला. मग दुसऱ्या अल्बमसाठी तिने मला न सांगता वर्षभर गाण्याचा क्लास लावला.

काल कपड्यांच्या कपाटात, म्हणजे आमच्या घरगुती स्टुडिओत, माइकसमोर उभी राहून ती गायली. एक सूर चुकला नाही. सगळं मुसळ केरात.

मी हेडफोन काढला. "ताई, असं कुणीही गातं. लोक तुला हसायला ऐकायचे."

"मग आधी का नाही सांगितलंस?" ती हुंदके देत म्हणाली.

आवाज मस्त चिरकला. नशीब, रेकॉर्डिंग चालूच होतं.