म्याकसाहेबाचा कान आणि कोहळा

“डाक्टरसाहेब, तुमचा कान कुणी चावला?”

कडूनं विचारलं आणि दवाखान्याच्या खिडकीमागं शाळेतली तुळजा अन् तिची टोळी तोंड दाबून खाली बसली. पैज त्यांनीच लावलेली! पण कडूला आज कुणाचंच भ्या नव्हतं. उद्या तिला बघायला पाहुणे यायचे होते, लगीन ठरलं की शाळा बंद. मग आज तरी काहून भ्यायचं?

पाटोद्याचा गोरा डाक्टर म्याकसाहेब खो खो हसला. “चावला न्हाई, खेळात चेंगरला. डाक्टर व्हायच्या आधी मी माझ्या मुलकाकडून खेळायचो. पंधरा इकडून, पंधरा तिकडून, डोकी अडकवून रेटायचं. चेंडू लांबट.”

“एडक्यांची टक्कर?” धनगराच्या पोरीनं विचारलं.

“बराबर! फक्त एडके शहाणे असतात. थांब, दावतो.”

आईनं औषधाची फी म्हणून धाडलेला लांबट कोहळा कडूच्या हातात होताच. साहेबानं तो बगलेत मारला, “पकडो!” म्हणाला अन् सुटला.

“कोहळा पळवला रे!” ओसरीवर कुणीतरी बोंबललं. तापानं फणफणलेला आसाराम घोंगडी फेकून धावला. कंबर धरलेली विमलबाई कंबर सोडून धावली. निजामसरकारच्या जमादारानं तर धावता धावताच साहेबाला सलाम ठोकला. पण साहेब कुणाला घावेल तर शपथ!

कडू गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. बुजलेलं मेंढरू समोरून अडवायचं नसतं. जाऊ द्यायचं आणि मागचा पाय धरायचा. तिनं धरला. साहेब धाडकन आडवा! कोहळा शाबूत, खांदा निखळलेला.

सगळे रोगी एकदम पुन्हा आजारी पडले.

“कडू,” साहेब कळ सोसत म्हणाला, “टाच माझ्या काखेत रोव. मनगट धर. हळूहळू ओढ, सोडू नको.”

तिनं ओढलं. खटक्! खांदा जागेवर.

साहेबानं हात हलवून बघितला. “मी आधी माणसं पाडायला शिकलो, मग बसवायला. तू दोन्ही एका सकाळीच केलंस, बेटी. कोहळा घरी ने. आज फी तुझी.”

संध्याकाळी आई पाहुण्यांच्या भाजीसाठी कोहळा पुढ्यात घेऊन नुसतीच बसून होती. कोहळ्याला पहिली सुरी बाईनं लावायची नसते. ती कडूच्या बापाची, आश्रुबाची वाट बघत होती. आश्रुबा उंबऱ्यात आला अन् कडूनं विळी ओढली. खच्चकन दोन फाकी!

“अगं कडे! बाप्या माणसाआधी?” आई किंचाळली.

“आये, डाक्टरला चिरावंच लागतं.” ती बापाकडं वळली. “दादा, उद्या पाहुण्यांना पोटभर भाजी घाला आन् लावून द्या. मी शाळा सोडणार न्हाई. मी डाक्टर हुनार हाय.”