तिसावी बाहुली

शिरूर कासारजवळच्या आमच्या शाळेत नेट कधी असतं, कधी नसतं. त्या दिवशी टिकलं, म्हणून सातवीला टीव्हीवर परदेशातलं एक संग्रहालय दाखवलं. जुने इजिप्शियन लोक मेलेल्या माणसाजवळ छोट्या बाहुल्या ठेवत. मेल्यावरच्या जगात त्याला शेतात राबायला बोलावलं, की बाहुलीनं 'मी हजर' म्हणायचं आणि त्याच्या बदली कामाला जायचं.

"उद्या सगळ्यांनी मातीची अशी बाहुली करून आणायची," मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी एकोणतीस पोरांनी आणली. एकटी संस्कृती रिकाम्या हातानं आली. माझं डोकंच फिरलं. "तुला एकटीलाच माती मिळाली नाही का गं? शाळेत येतेस कशाला?"

ती खाली बघत म्हणाली, "आज शेवटचाच दिवस हाय, सर. सांजच्याला कारखान्याचा ट्रक येणार हाय. ऊस तोडायला दोघांची जोडी लागती. आई गेल्या साली उसाच्या फडातच वारली. आता पप्पासंगं तिच्या बदली मी."



दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी घेताना सवयीनं तिचं नाव पुकारलं. टेबलावर एकोणतीस बाहुल्या वाळत होत्या. तिसावी एव्हाना फडात हजर झाली असेल.