जीटीची काच

मी एक काच बोलतेय. खिडकीची नाही, आरशाची नाही, गाडीची तर नाहीच. बिबवेवाडीतल्या एका घराच्या माडीवर, भाड्याने दिलेल्या खोलीत भिंतीला टेकून उभी असते ना, ती मी. साडेतीन फूट लांब, दोन फूट रुंद, एका कोपऱ्याला किंचित टवका उडालेली. माझ्यातून आरपार दिसतं म्हणून लोकांना वाटतं, हिच्या पोटात काही राहत नसेल. पण बारा वर्षांत या खोलीत जे झालं ते सगळं माझ्या पोटात आहे, आणि आता ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

भट्टीतलं बालपण मला आठवत नाही. आठवतं ते शनिवार पेठेतल्या काचवाल्याचं दुकान. तिथे मला हिऱ्याच्या टोकाने, हिरकणीने, कापलं. कापताना कर्रकन आवाज झाला तसे समोरचे गिऱ्हाईक दचकले. काचवाला त्यांना म्हणाला, घाबरू नका, तिला दुखत नाही. हे त्याने मला विचारून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ते गिऱ्हाईक म्हणजे दीनानाथकाका. खडकीच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात नोकरीला होते. घरच्या टेबलासाठी त्यांनी मला आणलं. माझ्याखाली रेल्वेचं वेळापत्रक, गॅसचा नंबर आणि नातवाचा फोटो असायचा, माझ्यावर त्यांचा चहा आणि वर्तमानपत्र. काका रोज सकाळी फडक्याने मला पुसत आणि कोणी कप थेट ठेवला तर त्याच्याकडे नुसतं बघत. त्यांचं बघणं पुरे व्हायचं. फार सुखाचे दिवस होते ते.

काका निवृत्त झाले, त्यांनी माडीवर एक खोली बांधली आणि ती विद्यार्थ्यांना द्यायला सुरुवात केली. जवळपास इंजिनिअरिंगची कॉलेजं, त्यामुळे खोली कधी रिकामी राहिली नाही. टेबल वर गेलं, टेबलाबरोबर मीही गेले. पहिल्याच आठवड्यात एका मुलाने मला टेबलावरून उचललं, दोन स्टुलांवर आडवं टाकलं आणि माझ्या पोटाखाली दिवा लावला. मला वाटलं, याचं डोकं फिरलंय. मग त्याने माझ्यावर मित्राची ड्रॉइंग शीट पसरली, तिच्यावर आपली कोरी शीट चापांनी लावली, आणि खालून उजळलेल्या रेघा वरच्या कागदावर गिरवायला बसला. याला ग्लास ट्रेसिंग म्हणतात. लाडाचं नाव जीटी. वर्गात एक जण खपून शीट काढतो, बाकीचे जीटी मारतात. पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेल्या कुणालाही विचारा, तो आधी हसेल आणि मग इकडेतिकडे बघेल.

मी सुरुवातीला या मुलांना आळशी समजायचे. चोरी ती चोरी, असं माझं मत होतं. पण त्यांचा दिवस बघत गेले आणि ते मत गळून पडलं. सकाळी आठला लेक्चर, मग प्रॅक्टिकल, त्याचं लिखाण, त्याची जर्नल, पाच विषयांच्या असाइनमेंट, मधेच युनिट टेस्ट, आणि या सगळ्यावर शीट. एकेक शीट नीट काढायची तर दहा तास. ते दहा तास आणायचे कुठून, हे कुठल्याच विषयात शिकवत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी शुभंकर आला. पुसदचा. सिव्हिलला प्रवेश मिळाला तेव्हा गावात त्याचा सत्कार झाला होता, त्याची शाल त्याने इथे आणली होती आणि ती उशीवर घालायचा. पहिल्या वर्षी शीट स्वतः काढायचा. टी-स्क्वेअर लावून, पेन्सिलीला टोक करकरून, जीभ ओठांवर ठेवून. रेघ चांगली होती त्याची. दुसऱ्या वर्षी मात्र पोरगं पार आटलं. जेवताना जर्नल, दात घासताना जर्नल. मेसचा डबा झाकणासकट तसाच परत जाऊ लागला. आणि एक दिवस त्यानेही स्टुलं मांडली. मला वाईट वाटलं, पण मी त्याला दोष दिला नाही.

आता त्या रविवारचं सांगते. सोमवारी सबमिशन होतं. सगळ्या शीटवर ड्रॉइंगच्या पूर्णिमा मॅडमची सही झाली तरच टर्म मिळते, म्हणजे परीक्षेला बसता येतं. नाही मिळाली तर वर्ष गेलं. शुभंकरची एकच शीट राहिली होती, एका बंगल्याचा प्लॅन. त्याच बंगल्याच्या दर्शनी भागाची शीट आधीच तपासून झालेली होती, तिच्यावर सहीही होती.

मूळ प्लॅन आमोदने काढला होता. आमोद त्याच्या वर्गातला, शहरातल्या जुन्या वस्तीत राहणारा, हात सुंदर. त्याच्या शीटवर निम्म्या वर्गाचं पोट चालायचं. या वेळी त्याने नुसत्या रेघा काढून, अक्षरं घालायच्या आधीच शीट फिरवायला दिली होती. शुभंकरच्या वाट्याला ती सकाळी आठ ते दुपारी एक एवढा वेळ होती.

त्याने खिडकीवर चादर टांगली, माझ्याखाली बल्ब लावला आणि बसला. दोनदा डुलकी लागली, दोनदा पेन्सिल माझ्यावर पडली. एकच्या ठोक्याला पुढचा मुलगा दारात हजर. आमोदची शीट गेली. शुभंकरने आपली शीट उचलली, जुनी सही झालेली शीट शेजारी ठेवली, आणि खोल्यांची नावं घालायला लागला.

जुन्या शीटवर समोरचा जिना डावीकडे होता. नव्या शीटवर उजवीकडे.

रात्ररात्र न झोपलेल्याच्या हातूनच होईल अशी ती चूक होती. त्याने आमोदची शीट माझ्यावर पालथी घातली होती. अक्षरं नव्हती, त्यामुळे उलटं असल्याचं कळायला काही खूणच नव्हती. अख्खा बंगला आरशात बघितल्यासारखा फिरला होता. मला खालून सगळं दिसत होतं, पण काचेला तोंड नसतं.

तो माझ्यावर कपाळ टेकून बसला. मी आयुष्यात खूप ओझी घेतली, पण एवढं जड काही माझ्यावर कधी ठेवलं गेलं नव्हतं.

त्याच वेळी दीनानाथकाका वर आले. खिडकीला टांगलेली चादर त्यांच्या मालकीची होती, तिची चौकशी करायला. दार उघडंच होतं. त्यांनी स्टुलं बघितली, बल्ब बघितला, मला बघितलं. बारा वर्षं त्यांच्या टेबलाची काच वर काय उद्योग करतेय, हे त्यांना आज कळत होतं.

शुभंकर उभा राहिला. लपवायचंही त्राण उरलं नव्हतं, म्हणून सगळं सांगून टाकलं. आमोदची शीट, उलटा जिना, उद्याची टर्म.

काकांनी दोन्ही शीट उचलून बघितल्या. मग म्हणाले, "तुझीच शीट पालथी घाल आणि वर नवा कागद लाव. उलट्याचं उलट सुलट होतं. एवढं कळायला इंजिनिअरिंग लागत नाही."

शुभंकर त्यांच्याकडे बघत राहिला. "सुचलंच नाही काका."

"सुचणार कसं? झोपला कधी होतास?"

त्याने आठवायचा प्रयत्न केला. बहुतेक गुरुवारी, म्हणाला.

काका खाली गेले. मला वाटलं, संपलं. पण ते चष्मा बदलून, हातात थालीपिठाची ताटली घेऊन परत आले. ती त्यांच्या पत्नीने, सरोजिनीकाकूंनी, दिली होती. रविवारी मेस बंद असते हे काकूंना बारा वर्षांत पाठ झालं होतं. तो खाईपर्यंत काकांनी पेन्सिलींना टोक केलं. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ आले.

"मी अकरा वर्षं ट्रेसर होतो," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर कागद ठेवून गिरवायचं, हीच नोकरी. त्यावर माझा संसार झाला. तेव्हा गिरवण्याबद्दल मी तुला काही बोलणार नाही. पण आमच्या साहेबांची एक पद्धत होती. प्रत्येक रेघ मारण्याआधी मोठ्याने सांगायचं, ही काय आहे. ज्या रेघेचं नाव येत नाही ती शाईत जायची नाही. चल, लाव कागद."

शुभंकर कंटाळला होता. त्याला लवकर संपवून पडायचं होतं. पण म्हातारा जागचा हलेना. मग तो एकसुरी आवाजात म्हणू लागला. बाहेरची भिंत. हॉलची खिडकी. मधली भिंत. जिन्याची पहिली पायरी. चुकला की काका फक्त "हं?" एवढंच म्हणत आणि तो थांबून पुन्हा बघे. माझ्यावर इतकी वर्षं हजारो रेघा मारल्या गेल्या, पण त्यांना नावं असतात हे मला त्या संध्याकाळी कळलं. हळूहळू त्याचा आवाज बदलला. तो रेघांवरून नाही, घरातून चालत होता.

"पॅसेजची भिंत. बेडरूमचं दार. बाथरूमची खिडकी. बाथरूमची भिंत, ही दुसरी भिंत, ही तिसरी..." आणि थांबला.

"हं?"

"काका, बाथरूमला दारच नाही."

काकांनी वाकून बघितलं. "मग आंघोळीला खिडकीतून जात असतील."

शुभंकर हसला. महिन्याभरात पहिल्यांदा हसला, आणि थकलेला माणूस हसतो तसा, थांबताच येईना असा हसला. बिचारा आमोदही दमलेला असणार, दार राहून गेलं असणार. त्याच्यामागून निम्म्या वर्गाने दार नसलेलं बाथरूम इमानेइतबारे गिरवलं होतं. शुभंकरने लगेच वर्गाच्या ग्रुपवर टाकलं की दार राहिलंय. वीस जणांनी हसरे चेहरे पाठवले. आमोदने लिहिलं, अरे कर सबमिट, कोण बघतंय.

तेव्हा प्रश्न आला की दार काढायचं कुठे. बेडरूममधून की पॅसेजमधून? त्याने काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "माझ्याकडे काय बघतोस? घर तुझं आहे."

तो बराच वेळ पेन्सिल धरून बसला. मग पॅसेजच्या भिंतीत दार काढलं. काकांनी कारण विचारलं, तर जरा लाजून म्हणाला, "आई रात्री दोनदा उठते. तिला कुणाच्या खोलीतून जावं लागू नये."

बारा वर्षांत माझ्यावर ओढलेली ती पहिली रेघ, जिच्या खाली दुसरी रेघ नव्हती. मी खालून बघत होते. फार सुंदर रेघ होती.

सोमवारी दुपारी तो परत आला तो दारातच काकांना सांगत सुटला. पूर्णिमा मॅडमनी गठ्ठा घेतला आणि दार नसलेली एकेक शीट बाजूला ठेवत गेल्या. अडतीस शीट बाजूला गेल्या. शुभंकरच्या शीटवर हात थांबला. दार पॅसेजमधून का, असं त्यांनी विचारलं. त्याने आईचं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाल्या, चार दिवस शीटच तपासतेय, कोणाच्या घरात कोणी राहताना दिसलं नाही. आणि सही केली. बाकीच्यांना बुधवारपर्यंत मुदत मिळाली. शुभंकरची टर्म मिळाली.

"बरं झालं," काका म्हणाले. "आता आडवा हो."

तो बूट न काढता झोपला. काकांनीच ते काढले. पाच मिनिटांत त्याचा फोन वाजायला लागला. आमोदचा, मग आणखी कोणाचा, मग आणखी कोणाचा. बिचाऱ्यांना बुधवारपर्यंत दार हवं होतं. शुभंकरच्या शीटवर आता निम्म्या वर्गाचा डोळा होता. काकांनी फोन पालथा घातला, एक कोरा कागद घेतला, आणि खुर्चीत बसून, ड्रॉइंग ऑफिसच्या सुबक अक्षरांत लिहून दारावर लावला:

"शुभंकर झोपला आहे. शीट मिळणार नाही. दार कुठे काढायचे ते ज्याचे त्याने ठरवावे."

संध्याकाळी आमोद आला. बाहेर कागदाजवळ त्याची पावलं थांबली. मग खाली जाऊन त्याने काकूंकडे पाणी मागितलं, आणि थोड्या वेळाने काकांशी बोलत असल्याचा आवाज आला. एक जण विचारत होता, एक जण सांगत होता. भिंत. खिडकी. जिना.

मी आता भिंतीला टेकून उभी आहे, खाली दिवा नाही. पुढच्या सबमिशनला मला पुन्हा आडवं करतील, हे मला माहीत आहे, आणि मी नाही म्हणणार नाही. मुलांकडे वेळ नाही आणि माझ्याकडे दुसरं काम नाही. परीक्षेचं वेळापत्रकही आजच लागलंय म्हणे. शुभंकर उठेल तेव्हा ते बघेल. तुम्ही शिकवणारे असा, घरचे असा, नाहीतर माझ्यासारखे नुसते बघणारे असा, एवढंच करा. या मुलांना काय झालं, किती झालं, कधी देणार, हे विचारायच्या आधी शेवटचं कधी झोपलास ते विचारा.

आणि जरा हळू बोला. तो अजून उठलेला नाही.