पाळण्याआधीची पट्टी

सहादेव मिस्त्रीचं बूड त्या दिवशी सकाळपासून एका जागी टेकत नव्हतं. तसा तो मूळचाच उतावळा गडी. चहा निवायची वाट बघणार नाही, आणि जीभ भाजली की शिव्या मात्र चहाला देणार. पण आजची गत निराळी होती. केडगावात पुणे रस्त्याला लागून त्याचं पत्र्याचं शेड. तिथं त्याने झाडलेला भुसा परत झाडला, धार लावलेल्या पटाशीला परत धार लावली, दारात बसलेल्या कुत्र्याला उगाच हाकललं आणि ते गेल्यावर कुठं गेलं म्हणून बघून आला. मोबाईल खिशातून काढायचा, बघायचा, ठेवायचा. ठेवल्या ठेवल्या परत काढायचा.

त्याचं कारण सावेडीतल्या दवाखान्यात होतं. लेक मोनिका तिथं बाळंत झाली होती. सातवा संपायच्या आधीच. मुलगी झाली, तळहाताएवढी, आणि झाल्या झाल्या तिला काचेच्या पेटीत ठेवलं. त्याला आता आठवडा होत आला होता. बायको बनुबाई लेकीजवळ होती, जावई औषधांच्या मागे पळत होता, आणि सहादेव इकडे शेडात. दवाखान्यात दोन दिवस काढले त्याने, पण येरझारा घालून घालून नर्सला इतकं कावून सोडलं, की बनुबाईनेच त्याला रिक्षात घालून परत पाठवला.

आता ऐका, ही दोघं नवराबायको काय करत होती ते. नात जन्मली होती, श्वास घेत होती, आणि ही दोघं जगाला सांगत होती, "अजून न्हाई." पेढा नाही, जिलेबी नाही, पाचवी पुजली नाही, नाव तर सोडाच. बनुबाईचा हुकूमच होता. "पोर घरात आल्याबिगर तोंडातनं शब्द काढायचा न्हाई." आणि सहादेवने मान डोलावली होती. कारण गेल्या खेपेला तोंड त्याचं नव्हतं उघडलं, हात चालले होते.

तीन वर्षांमागची गोष्ट. मोनिकाला तेव्हाही सातवा लागला होता, आणि या उतावळ्या माणसाने सागाचा पाळणा करायला घेतला. बाळ यायच्या आधी पाळणा करायचा नसतो, हे शेंबड्या पोराला ठाऊक. बनुबाई म्हणालीसुद्धा, "आवो, थांबा की जरा." तर हा हसला. पाळणा झाला, पॉलिश झालं, आणि बाळ झालं ते रडलंच नाही. घरी परत आल्यावर बनुबाई एवढंच बोलली, "तुमी पाळणा केला." दुसरं काही नाही. सहादेवने त्याच दिवशी पाळण्याचे तुकडे करून बंबात घातले. त्या दिवसापासून बनुबाईने शेडात पाय ठेवला नव्हता. एरवी मशीनवर फळी चिरायची झाली की पलीकडच्या बाजूला ओढायला तीच उभी राहायची, लग्न झाल्यापासून. आता सहादेव एकटाच ढकलायचा आणि एकटाच पळत जाऊन पलीकडून ओढायचा.

तर आज याचे हात शिवशिवत होते. पाळणा तर करायचा नाही. मग? त्याची नजर मशीनवर गेली.

मशीन म्हणजे लोखंडी टेबल आणि त्यातून वर आलेलं गोल पातं. पात्याभोवती कंपनीची एक पट्टी बसवलेली असते, आणि त्या पट्टीतली फट चांगली बोट जाईल एवढी रुंद. जाड फळीचं त्याने काही बिघडत नाही. पण लाकडाचा बारीक गज चिरायला घेतला, की तो त्या फटीत कलतो, अडकतो, आणि पातं त्याला मागे फेकतं. नाही फेकलं तर खालच्या अंगाने छिलपं तरी काढतं. गेल्या पाळण्याचे गज असेच खरबरीत निघाले होते. ते घासून घासून सहादेवच्या बोटांची सालं गेली होती. याला इलाज एकच. अख्खी, बिनफटीची पट्टी करायची, बसवायची, आणि चालू पात्यालाच तिच्यातून वर येऊ द्यायचं. पातं स्वतःपुरतीच वाट कापतं, केसभर जास्त नाही. मग गज पडेल कुठं?

'पट्टी म्हणजे काय पाळणा न्हवं,' सहादेव मनाशी म्हणाला. 'पट्टी मशीनची असती. मशीनला काय नजर लागत न्हाई.' बघा हो, माणूस स्वतःलाच कसा शेंडी लावतो!

लाकडाची पट्टी फुगते, म्हणून त्याला हायलम हवं होतं. शेजारीच चांदभाईचं भंगाराचं दुकान. जुन्या इलेक्ट्रिक पॅनलची तपकिरी, दगडासारखी टणक शीट तिथं पडलेली असायची. चांदभाई गोणीवर बसून तांब्याच्या तारा सोलत होता.

"हायलमचा तुकडा दे रे. हातभर."

"घे की, तिकडं भितीला हाय." चांदभाईने मान वर केली. "मोनिकाचं काय झालं? भाभी लई दिवस दिसंना."

सहादेव शीट निवडायच्या निमित्ताने पाठमोरा झाला. "अजून न्हाई," तो म्हणाला.

"व्हईल, व्हईल. अल्ला सगळं नीट करील. मी रोज दुवा करतो तिच्यासाठी."

सहादेवला कुणी छातीत कोपर मारावं तसं झालं. पोरीसाठी रोज दुवा मागणारा माणूस, आणि त्याच्या तोंडावर आपण हे खोटं बोललो. ते चांदभाईशी खोटं होतं की त्या पेटीतल्या जिवाशी, हे त्याला कळेना. तो शीट काखोटीला मारून जवळजवळ पळतच शेडात आला.

जुनी पट्टी काढून त्याने हायलमवर ठेवली, भोवतीने रेघ मारली, कापलं. मग कानस. बसवून बघायची, काढायची, जरा घासायची, परत बसवायची. हायलमचा उग्र वास नाकात बसला. एरवी असल्या कामात तो गाणं गुणगुणायचा. आज कानशीच्या दर दोन हातांमागे मोबाईल. फोन नाही आला, म्हणजे बरंच असेल. की वाईट असेल म्हणून नाही आला? छे! घास, घास.

पट्टी अखेर बसली, पण डुगडुगायला लागली. सहादेवने घाईघाईत बटणाकडे हात नेला आणि तसाच थांबला. पातं पुरतं खाली उतरवलेलं होतं, तरी त्याचे दात खालून पट्टीला टेकत होते. या स्थितीत बटण दाबलं असतं, तर पट्टी उडून थेट कपाळात. "मरशील की रं म्हाताऱ्या," तो स्वतःलाच मोठ्याने म्हणाला. मग पट्टी काढून त्याने राऊटरने, म्हणजे खाच पाडायच्या हातमशीनने, खालच्या अंगाला खाच पाडली, परत बसवली, वरून आडवा जाड ठोकळा ठेवला आणि दोन्हीकडून शिकंजे आवळले.

मशीन चालू केलं. पातं वर-खाली करायचं खालचं चाक हळूहळू फिरवायला लागला. इथं घाई चालत नाही, आणि याचा तर जीव घाईने फुटायला आलेला. हायलम कर्र करून ओरडलं, पिवळी पूड उडाली, आणि पट्टीच्या पोटातून पात्याचे दात वर आले. त्याने मशीन बंद केलं. पातं थांबल्यावर शिकंजे सोडून त्याने ठोकळा बाजूला घेतला. पातं आणि पट्टी यांच्यात कागदसुद्धा गेला नसता.

तेवढ्यात दारात सावली पडली. बघतो तर बनुबाई.

तीन वर्षं जी बाई या उंबऱ्याला शिवली नाही, ती शेडात उभी. सहादेव मशीनच्या टेबलाला धरून उभा राहिला.

"गेली का गं?" त्याने विचारलं.

"गप बसा!" बनुबाई कडाडली. "काय बी बोलू नका. हाय ती. हाय तशीच हाय."

"मंग तू हितं कशी?"

बनुबाईने कोपऱ्यातल्या माठातलं पाणी घेतलं, तोंडावर मारलं, पदराने पुसलं. सहादेव या पायावरून त्या पायावर.

"आगं बोल की!"

"नवी नर्स आली सकाळी," ती म्हणाली. "मला आत घिऊन गेली, हात धुवायला लावले. पेटीला भोक हाय, त्यातनं बोट घालू दिलं. पोरीनं धरलं ओ माझं बोट. एवढुशी मूठ. आन् नर्स आपली सहज म्हनली, आजी, पहिलीच नात का? आन् मी…" ती आपल्याच बोटाकडे बघायला लागली. "मी म्हनलं, अजून न्हाई. जिभेला सवयच लागली. पोरीनं बोट धरलंय, आन् मी म्हनते अजून न्हाई!"

सहादेवच्या कानात सकाळचं स्वतःचंच बोलणं वाजायला लागलं.

"मोनिका मागं खुर्चीत बसल्याली. तिनं ऐकलं. ती रडली न्हाई, भांडली न्हाई. एवढंच म्हनली, 'आई, ती हाय. मी जन्म दिलाय तिला. तुमी दोघं ती नसल्यासारखं का करता?' काय सांगू मी तिला? उठले आन् तुमच्याकडं आले."

ती पुढे आली. तिची नजर मशीनवर, नव्या पट्टीवर गेली. इतकी वर्षं फळ्या ओढलेल्या बाईला सांगायला काय लागतं?

"हे काय?"

"पट्टी हाय. मशीनची."

"कशापायी?"

"फट मोठी हुती. बारीक माल खाली जातो…"

"बारीक माल म्हंजी गज ना? पाळन्याचे?"

सहादेव चोर सापडावा तसा झाला. "पाळना न्हाई केला मी. देवाशप्पथ, बने. लाकडाला हातसुदीक लावला न्हाई. नुसती पट्टीच…"

"करा," बनुबाई म्हणाली.

"आं?"

"करा म्हनलं पाळना. बाळ यायच्या आदी करायचा नसतो, हे खरं. पन बाळ आलंय की! आठवडा झाला यिऊन. आपनच दोघं येड्यासारखी दारात आडवी हुबी ऱ्हायलोय." तिने पट्टीवरची पूड हाताने झटकली. "आन् मागं मी तुमाला बोलले ते… मला माझं दुःख कुटं ठिवावं कळंना, म्हनून तुमच्या डोक्यावर ठिवलं. तुमच्या पाळन्यानं काय झालं न्हवतं."

सहादेवने तोंड फिरवलं. तीन वर्षं त्या एका वाक्याखाली तो चेपून गेला होता, आणि ते वाक्य त्या बाईने आज उचलून बाजूला ठेवलं. त्याला मोठ्याने रडावंसं वाटलं. पण भीती तर होतीच, तिला काय उठून जायला सांगता येतं?

"आन् बने… उद्या तिचं काय इपरीत झालं तर?"

"तर तिचा पाळना हुता म्हनू. ती हुती म्हनू. पन ती हाय तवर न्हाई म्हनायचं, हे माझ्याच्यानं आता व्हायचं न्हाई. आना फळी."

सहादेवने माळ्यावरची सागाची फळी उतरवली. पातं हवं तेवढं वर घेतलं, मशीन चालू केलं. त्याने इकडून काठीने ढकललं, आणि पलीकडे बनुबाई पदर खोचून, पाय रोवून उभी राहिली. पहिला गज सरळ, नितळ निघाला. कुठं कलला नाही, छिलपं नाही. बनुबाईने त्याच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. दुसरा. तिसरा.

मशीनचा आवाज थांबला, तसा चांदभाई दारात डोकावला. बनुबाईला बघून तो चपापला.

"भाभी? आज हिकडं कशा?" मग त्याला टेबलावरचे गज दिसले. त्याने सहादेवकडे बघितलं. "मिस्त्री, काय करतो रे?"

सहादेवने हातातला गज बाकीच्या गजांशेजारी ठेवला.

"पाळना," तो म्हणाला. "नात झालीय, चांदभाई. आठवडा झाला."

"आठवडा! आन् मला सकाळी तोंड वर करून म्हनला अजून न्हाई? लाज वाटती का?" चांदभाई तावातावाने आत आला. पण दोघांचे चेहरे बघून त्याचा आवाज आपोआप खाली आला. त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली. "कशी हाय पोरगी?"

सहादेव आणि बनुबाईने एकमेकांकडे पाहिलं.

"बारकी हाय," सहादेव म्हणाला. "लई बारकी हाय. पन हाय."