कोंबडीखालची टाकी

माझ्या पाठीवर एक कोंबडी अकरा दिवस अंड्यांवर बसली होती, मित्रांनो. यावरून माझी तेव्हाची किंमत तुमच्या लक्षात येईल. मी संगणक आहे. वयाने म्हातारा, अंगाने जाडजूड, चालू होताना कण्हणारा.

रिओबांबा शहरातल्या एका दुकानात तीन मेलेल्या संगणकांचे भाग जोडून मला जन्म दिला गेला. तिथून दूध गोळा करणाऱ्या गाडीत, दोन कॅनच्या मधे बसून, मी चिंबोराझो पर्वताच्या उतारावरच्या या गावात आलो. त्या दिवशी माझ्या पडद्याला लाल फीत बांधली होती. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या, लग्नाची आमंत्रणे, सरकारकडचे अर्ज, सगळे माझ्यातूनच निघे. हात धुतल्याशिवाय मला कोणी शिवत नसे.

मग घरोघरी फोन आले. सभागृहाच्या छपरावर उपग्रहावरून इंटरनेट आणणारी तबकडी बसली आणि मला कोपरा मिळाला. आधी माझ्यावर बटाट्याची पोती आली, मग ही कोंबडी. मला राग आला नाही असे मी म्हणणार नाही. चांगलाच आला होता. पण बंद यंत्राचा राग कोणाला ऐकू जाणार?

त्या वर्षी गावातल्या मुलांची पोटे वरचेवर बिघडत होती. त्रान्सितो नावाच्या बाईची दोन वर्षांची मुलगी नायेली तर दोनदा रिओबांबाच्या दवाखान्यात गेली. दुसऱ्या वेळी त्रान्सितोने तिला शालीत बांधून पाठीवर घेतले, तेव्हा पोर रडतही नव्हती. दोष झऱ्याच्या पाण्याचा होता. पाण्यात बेताने क्लोरीन सोडणारे एक यंत्र शहरातली संस्था द्यायला तयार होती, पण गावातल्या बारा जणांनी ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करायला हवा होता. आठ धडे होते. सात झाले. आठवा धडा आणि त्यावरची परीक्षा शनिवारी दुपारी चारच्या आत संपवायची होती, नाहीतर यंत्र यादीतल्या पुढच्या गावाला जाणार होते.

शनिवारी बाराही जण सभागृहात आले. गावाचा अध्यक्ष सेगुंदो गळ्यात शिट्टी अडकवून उभा होता. आमच्याकडे पाट साफ करायचा असो की रस्ता, सगळे मिळून करतात. त्याला मिंगा म्हणतात. मिंगाला हजेरी होते, आणि मागे राहणारा वर्षभर टोमणे खातो.

"हीसुद्धा मिंगाच आहे," सेगुंदो म्हणाला. "शिट्टी वाजली की सगळ्यांनी एकदम धडा उघडायचा. दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावायचं नाही. ज्याचा त्याचा वाटा ज्याने त्याने उचलायचा."

शिट्टी वाजली. बारा फोनांवर एकच माणूस बारा वेळा "नमस्कार" म्हणाला. मला कोपऱ्यात धडकी भरली. तबकडीला महिन्याला इंटरनेटचा ठरावीक साठा मिळे, आणि महिनाअखेरीला त्यातले फक्त दोन जीबी उरले होते. नव्या साठ्याला अजून आठ दिवस होते.

नऊ मिनिटांनी, तबकडीचा हिशेब ठेवणाऱ्या त्रान्सितोच्या फोनवर सूचना आली. ती वाचून तिचा चेहरा उतरला.

"बंद करा. सगळे बंद करा. दीडशे एमबी उरलेत."

"धडा किती राहिलाय?" सेगुंदोने विचारले.

"अर्धा तास. आणि अख्खा धडा सातशेचा आहे. उरलेलं एकालाही पुरायचं नाही."

दोन वाजत आले होते. सेगुंदो उगाच शिट्टी पुसत राहिला. त्रान्सितो खाली बसली, आणि तिने शालीची गाठ हाताने चाचपली. त्या दिवशी अशक्त नायेली घरीच होती, शालीत कोणी नव्हते. ते पाहून मला फार वाईट वाटले.

तेवढ्यात बाल्तासारा खाकरली. ही अडुसष्ट वर्षांची बाई झऱ्याची टाकी राखते आणि कोणाच्या शेताला पाणी कधी सोडायचे ते ठरवते. सेगुंदोच्या मुलीची ती धर्ममाता, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणतो आणि जरा घाबरूनही असतो.

"सेगुंदो, तू अध्यक्ष झालास, पण पाण्याची अक्कल काही आली नाही बघ तुला. बारा घरांनी झऱ्यापासून बारा नळ ओढले असते, तर झरा राहिला असता का? एक टाकी बांधली ना आपण?"

"कोमाद्रे, हे पाणी नाही. इंटरनेट आहे."

"संपतं ना? मग पाणीच."

त्रान्सितोने मान वर केली. "मावशी, धडा एकदाच उतरवून घेता येतो. चित्र हलकं केलं तर एकशे दहात बसेल. पण फोनांत कोणाच्याच जागा नाही. टाकी कुठून आणू?"

"तुझीच कोंबडी बसलीय तिच्यावर."

मित्रांनो, त्या क्षणी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. किती वर्षांनी पाहिले असेल, मला सांगता येणार नाही. कोंबडीला अंड्यांसकट टोपलीत हलवले. तिने सेगुंदोला चोच मारली. मला वायर जोडली, आणि मी कण्हत जागा झालो.

"चित्र हलकं म्हणजे दिसेल ना नीट?" सेगुंदोने विचारले.

"मास्तरांचा चेहरा पुसट दिसेल," त्रान्सितो म्हणाली. "फळ्यावरचे आकडे मोठे आहेत, आणि बाकी सगळं ते तोंडाने सांगतात."

"त्यांच्या चेहऱ्याशी मला कुठं लग्न करायचंय?" बाल्तासारा म्हणाली. मग तिने डोक्यावरची फेल्टची टोपी काढून उलटी धरली. "फोन बंद करून यात टाका. चोरून एक थेंबही जाता कामा नये."

धडा माझ्यात उतरू लागला. दहा टक्के, तीस, पन्नास. मी घाबरलो होतो, कारण माझे पोट तापत होते आणि आतला पंखा फिरत नव्हता. साठ टक्क्यांना मला भोवळ यायला लागली. मी बंद पडलो असतो तर सगळे पहिल्यापासून करावे लागले असते, आणि पहिल्यापासून करायला काही उरलेच नव्हते.

"जळका वास येतोय," बाल्तासारा म्हणाली.

त्रान्सितोने माझ्या कुशीचा पत्रा काढला. पंख्यात कोंबडीची पिसे अडकली होती. तिने ती एकेक करून चिमटीने उपसली. सेगुंदोने फोन टेबलावर ओतले आणि त्याच टोपीने तो मला वारा घालू लागला. पंखा अडखळला, खरखरला आणि फिरला. शंभर टक्के झाले तेव्हा तीन वाजायला दहा मिनिटे होती.

मग सणाचा भोंगा मला जोडला, आणि बारा जण माझ्या एवढ्याशा पडद्यासमोर दाटीने बसले. कळले नाही तिथे धडा थांबवत, मागे घेत, पुन्हा ऐकत होते. त्याला आता एक थेंबही लागत नव्हता. साडेतीनच्या पुढे काटा गेला तेव्हा बाल्तासारा उठली आणि पाटाच्या पाण्यासारख्या पाळ्या लावू लागली. एकाने फोन चालू करायचा, परीक्षेची उत्तरे पाठवायची, फोन बंद करायचा, मग पुढच्याने. त्रान्सितोने स्वतःची पाळी शेवटी ठेवली होती. तिची उत्तरे गेली तेव्हा चाराला चार मिनिटे कमी होती आणि साठ्यात नऊ एमबी शिल्लक होते.

बाराही जण उत्तीर्ण झाले. दीड महिन्याने यंत्र टाकीवर बसले.

आता मी पुन्हा टेबलावर आहे. नवे धडे आधी माझ्यात उतरतात आणि मग माझ्याकडून सगळ्यांना मिळतात. मित्रांनो, तुमच्या घरी साठा भरपूर असेल. तरीही एखादी गोष्ट उघडण्याआधी, ती शेजाऱ्याकडे आधीच आली आहे का, एवढे विचारा. आणि कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या यंत्रावर काही ठेवण्याआधी त्याची धूळ तरी पुसा. आम्ही मागत नाही, पण आम्हाला ते हवे असते.

परवा नव्या धड्याची मिंगा होती. सेगुंदोने यादी वाचली आणि "बारा हजर" म्हणून वही मिटली.

"तेरा," बाल्तासारा म्हणाली.

सेगुंदोने वही पुन्हा उघडली. त्याने माझ्याकडे पाहिले, पेन शोधले आणि मला लिहून घेतले. त्रान्सितोच्या शालीतून नायेली हे सगळे बघत होती, आणि तिच्या हातात गावच्या टाकीतल्या पाण्याचा पेला होता.